मदत हवी आहे: व्ही8 चं अ‍ॅव्हरेज 6 वरून 5, दोष ई20 पेट्रोलचा की सेन्सरचा?

ठाण्यात कुणाकडे मस्टँग जीटी, 5 लिटर व्ही8 (आठ सिलिंडरचं इंजिन) आहे का? 61 लिटरच्या टाकीत सरळ 60 किलोमीटर कमी पडतायत, तेही पेट्रोल असं भडकलेलं असताना. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरल्यापेक्षा किती जास्त पेट्रोल सोडतोय तो आकडा) सिलिंडरच्या दोन्ही बँकांना, म्हणजे रांगांना, अधिक 8-9 टक्के, आयडलला आणि 2500 आरपीएमलाही तेवढाच. व्हॅक्यूम गळती (फटीतून जादा हवा इंजिनात शिरणं) असती तर रेस वाढवल्यावर आकडा उतरला असता. ई20 मधल्या 20 टक्के इथेनॉलमुळे ट्रिम थोडा चढणारच, पण 17 टक्क्यांची घसरण नुसत्या ई20 नं होत नाही. मग मॅफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) मळलाय का? एअर फिल्टर, आठही प्लग नवे. टायरची हवा गाडी थंड असताना तपासलेली. घोडबंदरचं ट्रॅफिक आधीही होतंच. मॅफ क्लीनर मारल्यावर कुणाचा ट्रिम किती उतरला? नंतर ईसीयू रिसेट केला का? ‘इलेक्ट्रिक घ्या’ सोडून काहीही सांगा.