डग पेडरसन: बाकावरचा क्वार्टरबॅकच चांगला कोच होतो का?

एडिसनकर: शनिवारी मित्रांत यावरून जुंपली, म्हणून धागा काढतोय. माझं मत: अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक (संघाच्या आक्रमणाचा सूत्रधार) म्हणून ज्याची उमेद बाकावर गेली, तोच पुढे कोच म्हणून चमकतो. पेडरसनला १९९१ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात ती फेरी) कुणी विचारलं नाही. मग मायामीत डॅन मरीनो, ग्रीन बेत ब्रेट फार्व्ह, दोघेही बडे क्वार्टरबॅक. हा कायम त्यांच्या मागे, क्लिपबोर्ड घेऊन उभा. १९९९ मध्ये फिलाडेल्फियात नऊ सामने मिळाले, तेही नवखा क्वार्टरबॅक मॅकनॅब तयार होईपर्यंत. निवृत्तीनंतर लुइझियानात शाळेच्या पोरांना शिकवलं. आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये कोच म्हणून त्याच फिलाडेल्फियाला पहिला सुपर बोल (मोसमाचा अंतिम सामना) जिंकून दिला! उलट ग्रीन बेचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार: खेळाडू म्हणून पाच विजेतेपदं, तिथलाच कोच म्हणून नऊ मोसमांत ५२ विजय, ७६ पराभव.

तिरकस: दोन माणसांवर सिद्धांत? स्टारच्या आधीच्या कोचने चौतिशीतला क्वार्टरबॅक जॉन हॅडल याच्यापायी पुढच्या दोन वर्षांचे पाच ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क) देऊन टाकले होते. रिकाम्या कोठारात स्टार काय शिजवणार? आणि जिम हार्बॉ? तो काही बाकावरचा नव्हता. १९९५ मध्ये क्वार्टरबॅक म्हणून कोल्ट्सला सुपर बोलच्या उंबरठ्यापर्यंत नेलं, पुढे कोच म्हणून फोर्टीनाइनर्सना सुपर बोलमध्ये आणि मिशिगन विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद.

एडिसनकर: हॅडलचं मान्य. पण २०१८ च्या त्या सुपर बोलमधला तो एक डाव आठवा. पूर्वार्ध संपत आलेला, चौथा डाउन (म्हणजे शेवटचा प्रयत्न), गोलरेषा एक यार्डावर. समोर कोच बेलिचिकचे पेट्रियट्स. कुणीही किक मारून फील्ड गोलचे तीन गुण पदरात पाडून घेतले असते. क्वार्टरबॅक निक फोल्स साइडलाइनला येऊन ठरलेल्या डावाचं नाव सुचवतो. पेडरसन क्षणभर थांबतो, हो म्हणतो. चेंडू फिरून फोल्सच्याच हातात, गोलरेषेपार, टचडाउन! फोल्स स्वतः राखीव, मुख्य क्वार्टरबॅक वेंट्झचा गुडघा गेला म्हणून मैदानात. पेडरसनचा सहायक फ्रँक राइखही जन्माचा राखीव क्वार्टरबॅक. १९९३ मध्ये बफेलोसाठी ३२ गुणांची पिछाडी भरून काढलेला. राखीव माणसाचा शब्द एवढ्या चटकन कोण मानेल, सांगा.

तिरकस: डाव झकास होता, नाही कोण म्हणतंय? पण तीनच वर्षांत फिलाडेल्फियाने त्याला काढलं, त्या मोसमात ४ विजय, ११ पराभव, एक बरोबरी. वॉशिंग्टनविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात तीन गुणांनी मागे असताना क्वार्टरबॅक हर्ट्सला बसवून राखीव सडफेल्डला उतरवलं! राखीवांवर एवढी माया? वॉशिंग्टन जिंकलं, आणि त्यामुळे आमचे न्यूयॉर्क जायंट्स प्लेऑफबाहेर (बाद फेरीबाहेर). पुढे जॅक्सनव्हिलचा कोच म्हणून पहिल्या वर्षी ०-२७ अशा पिछाडीवरून सामना खेचला खरा, पण २०२४ मध्ये ४ विजय, १३ पराभव आणि पुन्हा नारळ.

एडिसनकर: अच्छा, जायंट्सवाले होय! आधी सांगायचं ना राव. सोळापैकी दहा हरलात आणि प्लेऑफसाठी आम्हा फिलाडेल्फियावाल्यांच्या तोंडाकडे बघत बसलात.