मदत हवी आहे: दहाचाकी ट्रकला १६ प्लाय टायर की १८, आणि हवा किती?
राम राम मंडळी, आमची दहाचाकी आहे, नाशिकवरून कांदा भरून कसारा घाट उतरून वाशी मार्केट, येताना मिळेल तो माल. टायर १०.०० आर २०, सगळे १६ प्लाय (प्लाय म्हणजे टायरच्या ताकदीचा आकडा), आता पुढची जोडी बदलायची आहे.

टायरवर लोड इंडेक्स, म्हणजे किती वजन पेलतो त्याचा आकडा, १४६/१४३ लिहिलाय, म्हणजे एकटा टायर ३००० किलो आणि जोडीत असला तर २७२५ किलो. २०१८ च्या वजनाच्या नियमाने मागच्या दोन एक्सलला (चाकांच्या आसांना) मिळून २१ टन चालतात, आठ टायरवर भागले तर २६२५ येतात, मागे भागतंय. पण पुढच्या एक्सलला ७ टन धरले तर एकेका टायरवर साडेतीन टन, मग १६ प्लाय पुरणार कसा? म्हणून पुढे १८ प्लाय टाकावा वाटतंय, पण त्यावरचा लोड इंडेक्स किती बघून घ्यायचा? आधी वजनकाट्यावर पुढचा एक्सल वेगळा तोलून घेणार आहेच.

दुसरं हवेचं. पंक्चरवाले दादा म्हणतात उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, मला ते पटत नाही, कमी हवेत कडा दबतात आणि टायर जास्त तापतो. मागच्या जोडीतल्या आतल्या टायरच्या दोन्ही कडा झिजल्यात, मधली नक्षी चांगली आहे, तो व्हॉल्व हाताला येत नाही म्हणून तिथली हवा बघायची राहून जाते. व्हॉल्वला एक्स्टेंशन लावलंय का कुणी, टिकतं का? आणि सकाळी थंड टायरला पुढे-मागे किती पाउंड हवा ठेवता, रिकाम्या गाडीला कमी करता का? ड्रायव्हर घरचाच पोरगा आहे, घाटात पुढचा टायर फुटायची भीती वाटते, अनुभव असेल त्यांनी नक्की सांगा.