अतारांकित म्हणजे बिनकामाचे नव्हे

कुणीतरी म्हटलंय की खासदारांचे लेखी प्रश्न म्हणजे नुसता कागदी सोपस्कार. अर्धंच पटलं.

लोकसभेत दिवसाला 20 तारांकित प्रश्न (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते) असतात आणि त्यातलेही मोजकेच प्रत्यक्ष पुकारले जातात. अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तर मिळणारे, मात्र 230. त्यांच्यावर उपप्रश्न विचारता येत नाही, हे खरं. पण आकडे मिळतात ते इथेच. राज्यवार रिक्त शिक्षकपदं, एकशिक्षकी शाळा, अडकलेल्या शिष्यवृत्त्या. उत्तरासोबतचं परिशिष्ट उघडून पाहा, खरा माल तिथे असतो. (वर्तमानपत्रातल्या कित्येक 'धक्कादायक' बातम्या तिथूनच उचललेल्या असतात.)

आता पळवाट. शिक्षण 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्यं दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या यादीत) गेलं, आणि 'बहुतांश शाळा राज्यांच्या अखत्यारीत येतात' हे वाक्य केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या हाताशी कायमचं तयार झालं. म्हणून प्रश्न कसा विचारलाय यावर सगळं अवलंबून. 'शिक्षणाचा दर्जा सुधारायला सरकार काय करतंय?' असं विचारलं की योजनांची जंत्री हाती पडते. तेच 'समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेअंतर्गत गेल्या तीन वर्षांत अमुक राज्याला मंजूर किती, दिले किती, खर्च किती?' असं विचारलं की निसटणं अवघड.

आणि 'माहिती गोळा केली जात आहे' असं उत्तर आलं तरी ते आश्वासन धरलं जातं. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि त्यावर नजर ठेवायला लोकसभेची आश्वासन समिती असते. मुदतवाढी सर्रास मागितल्या जातात, ते वेगळं.