मर्यादित आवृत्ती घेणं : हौस, नाद की सोस?

प्रश्न

शब्दच विचारायचा आहे, पण आधी प्रसंग सांगतो. एका सिनेमाची मर्यादित आवृत्तीतली ४के (जास्त स्पष्ट चित्राची) डिस्क स्टीलबुकमध्ये, म्हणजे पत्र्याच्या खास डबीत, परदेशातून मागवली. टपाल आणि कस्टम धरून साडेसहा हजार पडले. तोच सिनेमा साध्या ब्लू-रेवर माझ्याकडे आहे. तरी ‘शेवटचे काही नग’ दिसलं आणि रात्री एक वाजता पैसे भरून मोकळा झालो. बाबा म्हणाले, “काहून पैसे फुकून राहिला बे? कशाचा नाद हा?” आजी म्हणाली, “हौस आहे पोराची, राहू द्या.” मी ‘संग्रह’ म्हणत होतो, पण कपाटात अकरा डब्या अजून प्लास्टिकसकट आहेत. नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद

आधी ‘मर्यादित आवृत्ती’ पाहू. संस्कृतात आवृत्ती म्हणजे पुन्हा फिरून येणं. पुस्तकावर ‘आवृत्ती पहिली’ वाचलं की दुसरी येईल असं आपण धरूनच चालतो. ‘मर्यादित’ लागलं की ती आशा तुटते. रात्री एकचा निर्णय त्या भीतीतून झाला, सिनेमा तर तुमच्याकडे होताच. मी हे दोष म्हणून सांगत नाही. प्रकाशनपूर्व सवलतीचे पैसे मीही असेच भरले आहेत.

प्रतिसाद

दादा, नामापेक्षा त्याचं क्रियापद बघा. नाद लागतो आणि सुटतो, नाहीतर कुणीतरी सोडवतो. हव्यास धरतात. हौस मात्र फिटते. मराठीत आणखी काय फिटतं? कर्ज फिटतं, ऋण फिटतं, पांग फिटतात. म्हणजे हौसेत काहीतरी देणं बाकी असतं, आणि ते चुकतं झालं की माणूस निवांत होतो. सोस असा फिटत नाही, एक वस्तू आली की दुसरीकडे वळतो.

‘हौस’ हा शब्द अरबी ‘हवस’वरून आला. हिंदीत त्याला लालसेचा वास लागला. आपल्याकडे तोच शब्द बारशा-डोहाळजेवणात सुखाने नांदतो. म्हणून आजीचा शब्द मला जास्त जवळचा वाटतो. पण तुम्हीच ठरवा, देणं कुणाचं होतं?

मूळ प्रश्नकर्ता

ताई, हे वाचून बराच वेळ बसून होतो. देणं आहे. हा सिनेमा शाळेत असताना नागपूरच्या बर्डीवरून भाड्याने आणलेल्या व्हीसीडीवर पाहिला होता. दुसरी डिस्क मध्येच अडकली आणि शेवट राहून गेला. सकाळी परत केली, कारण दुसऱ्या दिवसाचं भाडं नव्हतं. तेव्हा या एका डिस्कपुरती हौस हा शब्द मला मान्य आहे. त्या अकरा डब्यांना मात्र तो लावता येत नाही. त्या मी फक्त संपतील म्हणून घेतल्या. तो सोसच.

प्रतिसाद

त्यांना ‘ठेवणीतल्या’ म्हणून बघा. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आईच्या ठेवणीतल्या दोन पैठण्या होत्या. वर्षभर मलमलीत गुंडाळलेल्या असत, पण लग्नकार्य आलं की निघायच्याच. न निघणाऱ्या वस्तूला ती ठेवणीतली म्हणत नसे, ‘पडून आहे’ म्हणायची.

मूळ प्रश्नकर्ता

काका, काल एक काढली. पत्रा हाताला गार लागला, आत सिनेमाचं चित्र कडेपर्यंत छापलेलं. बाबा दाराशी उभे राहून बघत होते. मग खुर्ची ओढून बसले. आज सकाळी त्यांनीच विचारलं, दुसरी कधी लावतो म्हणून. उरल्या दहा.