व्हीगन होऊन दोन महिने झाले, चहा आणि दह्याचं काय करू?

वरदा_पुणे: दूध, तूप, दही सगळं सोडून दोन महिने झालेत. जेवण तसं जमतंय, पिठलं भाकरी, उसळी, आमटी यात दूध कुठे असतं? पण सकाळचा चहा. सोयाचं दूध घातलं की आलं घातलेल्या चहात फाटतंच. आणि दही नाही म्हणजे कोशिंबीर नाही, कढी नाही. आई अजून सवयीने भाताला खळगा करून वरण वाढते आणि तुपाचा चमचा हातात घेऊन माझ्याकडे बघत थांबते, तेव्हा फार वाईट वाटतं. कसं जमवलंत तुम्ही?

गवतीचहा: आलं आधी पाण्यात नीट उकळून घे, गॅस बंद कर, मग गरम केलेलं सोयाचं दूध शेवटी घाल आणि परत उकळू नकोस. ओटचं दूध त्यामानाने कमी फाटतं पण महाग पडतं. मी शेवटी गवती चहा घालून कोराच प्यायला लागले, आता दुधाचा आठवतही नाही.

नागलीभाकर: दही शेंगदाण्याचं लाव. वाटीभर दाणे रात्री भिजत घाल, साली काढ, तीन वाट्या पाण्यात वाटून गाळ, उकळून कोमट झालं की त्यात हिरव्या मिरचीची पाच-सहा देठं टाकून रात्रभर उबेत ठेव. पहिलं पातळ होतं, त्याचंच विरजण पुढच्याला लावलं की छान लागतं. दाण्याचा वास थोडा राहतो म्हणून साखर घालून खायला मला नाही आवडत, कढीला मात्र एक नंबर.

सुहास_ठाणे: बाकी सगळं होईल, आधी बी१२ ची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करा. वनस्पतीत ते भरवशाचं मिळत नाही, मी वर्षभर टाळलं आणि तळपायाला मुंग्या यायला लागल्यावर तपासणी केली, तेव्हा कळलं किती कमी झालंय. आणि पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका, तो शाकाहारीचा, त्यात दूध चालतं. व्हीगनसाठी २०२२ पासून हिरव्या व्ही चा वेगळा लोगो आहे.

कोकणातली: आईंना सांग तुपाऐवजी ओल्या नारळाचं दाट दूध वाढ म्हणून, आमच्याकडे पुरणपोळीसोबतही नारळाचा रसच असतो. हातातला चमचा रिकामा राहायला नको त्यांच्या.

वरदा_पुणे: हे आईला वाचून दाखवलं. उद्या नारळ आणते म्हणाली. देठं आत्ताच टाकलीत दाण्याच्या दुधात, सकाळी सांगते काय झालं ते.