पेन डिक्सीचा डेव्होनियन शेल: ट्रायलोबाइट अखंड कसे काढावेत?

शिंपला: अमेरिकेत बफेलोजवळ हॅम्बर्गला पेन डिक्सी या जीवाश्म उद्यानात मुलांना घेऊन जाणार आहोत. अवजारं कोणती घ्यावीत? सापडलेलं ओळखायचं कसं? आणि घरी आणलेल्या तुकड्यांचे पोपडे सुटतात, ते कसं थांबवायचं?

थरावरथर: अर्धा-पाऊण किलोची हातोडी, दोन चपट्या छिन्न्या, जुनी बोथट सुरी, आणि प्रत्येकाला डोळे झाकणारा गॉगल. गॉगलशिवाय मुलांना ठोके मारू देऊ नका, कपच्या थेट डोळ्याकडे उडतात.

शेलची (चिखलापासून बनलेल्या थराथराच्या दगडाची) लादी कडेवर उभी धरा. थराची रेघ दिसते तिच्यावर छिन्नी टेकवून हलका ठोका द्या, मग इंचभर पुढे सरका, असं कडेकडेने फिरत जा. लादी आपोआप उघडते. एकाच जागी जोर लावलात तर भेग थर सोडून आडवी जाते आणि नेमकी ट्रायलोबाइटच्या (कवच असलेला, नामशेष झालेला समुद्री प्राणी) पाठीतून निघते. राखाडी दगडात काळसर, चकचकीत ठिपका दिसला की थांबा. तो उकरू नका, भोवती पाच सेंटिमीटर दगड ठेवून काढा. दोन्ही अर्धी समोरासमोर जुळवून वर्तमानपत्रात गुंडाळा. तुटलंच तर सगळे तुकडे एकाच फॉइलमध्ये.

भिंगवाला: ओळखीचं सांगतो. तिथला विंडम शेल मध्य डेव्होनियन काळातला, सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातला गाळ. बहुतेक ट्रायलोबाइट एल्ड्रेजिऑप्स राना (जुन्या पुस्तकांत फॅकॉप्स राना). डोक्याच्या मधल्या फुगवट्यावर पुटकुळ्या, शेपटी गोल व बिनकाट्यांची. शेपटीला काट्यांची झालर असेल तर ग्रीनॉप्स किंवा त्याचा भाऊबंद. दहापट भिंगाखाली एल्ड्रेजिऑप्सचा डोळा जरूर बघा, एकेक भिंग सुटं मोजता येतं! नुसतं डोकं किंवा नुसती शेपटी मिळाली तर हिरमुसू नका, ती बहुधा टाकलेली कात असते.

शिंपल्यासारखं दिसणारं बरंचसं ब्रॅकिओपॉड असतं, म्हणजे दोन झडपांच्या (कवचाच्या दोन भागांच्या) वेगळ्याच गटातला प्राणी. त्याच्या एकाच झडपेचे मधोमध डावे-उजवे भाग सारखे असतात, पण वरची-खालची झडप वेगळी. खऱ्या शिंपल्यात साधारण उलट. पंख पसरल्यासारखा रुंद असेल तर म्युक्रोस्पिरिफर नावाचा ब्रॅकिओपॉड. भोक असलेल्या चकत्या क्रिनॉइडच्या (देठावर उभा राहणारा, तारामाशाचा नातलग) देठाच्या. आतून आरे असलेलं शिंग म्हणजे शृंगप्रवाळ.

थरावरथर: आता पोपडे. या शेलमध्ये चिकणमाती आहे, ओलं-सुकं झालं की ती फुगते, आक्रसते आणि पापुद्रे सुटतात. म्हणून नळाखाली धुऊ नका, कोरड्या ब्रशने झाडा. व्हिनेगर तर नकोच, जीवाश्माचं कवचच कॅल्साइटचं, दगडाआधी तेच विरघळेल. आठवडाभर सावलीत वाळू द्या, मग १०० मिली ॲसिटोनमध्ये ५ ग्रॅम पॅरालॉइड बी-७२ (दाण्यांच्या रूपात मिळणारी ॲक्रिलिक राळ) विरघळवून ब्रशने लावा. दाणे सुती पुरचुंडीत बांधून बाटलीत टांगा, तळाशी टाकले तर गोळा होऊन चिकटतात. खिडक्या उघड्या, जवळ आग नको. दमट दिवशी लावलं तर पांढरी साय धरते, चकाकी जास्त आली तर नुसत्या ॲसिटोनने पुसून घ्या.

भिंगवाला: सोनेरी पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) झालेले नमुने वेगळे ठेवा. ओल लागली की पायराइटपासून आम्ल तयार होतं आणि नमुना आतून फुटतो. घट्ट डब्यात सिलिका जेल, आणि जागा, थर, तारीख लिहिलेली चिठ्ठी नमुन्याखाली न ठेवता झाकणाच्या आतल्या बाजूला. आम्ल सुटलं तर पहिला कागदच जातो.