शुश्रूषा केंद्रातील काळजी: आपले अनुभव लिहावेत

रुग्णालयातून सुटी मिळाली आहे, पण घरी सांभाळता येईल इतकी प्रकृती सुधारलेली नाही, अशा मधल्या टप्प्यावर रुग्णाला चोवीस तास प्रशिक्षित परिचारिका असलेल्या शुश्रूषा केंद्रात ठेवावे लागते. या केंद्रांच्या माहितीपत्रकांत फिजिओथेरपी, एअर मॅट्रेस, ऑक्सिजन असे सगळे असते. रात्री घंटा वाजवल्यावर किती वेळाने कोण येते, हे मात्र त्यांत नसते. ज्यांचे आप्त अशा ठिकाणी राहिले किंवा ज्यांनी तिथे काम केले, त्यांनी नेमके काय घडले ते लिहावे. केंद्राचे नाव देऊ नये.

•

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आई अशा केंद्रात होती. खोली स्वच्छ, बोलणे अदबीचे. एके दुपारी तिला कुशीवर वळवताना माकडहाडाशी लाल चट्टा दिसला, आणि बोटाने दाबून सोडल्यावरही तो पांढरा पडेना. ही शय्याव्रणाची पहिली पायरी असते, हे मला ठाऊक होते. पलंगाला अडकवलेल्या तक्त्यावर दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या सह्या होत्या. तीन वाजले होते आणि चारची सही आधीच झालेली होती. मी आवाज न चढवता तक्त्याचा फोटो काढला आणि मुख्य परिचारिकेला त्याच जागी बोलावले. त्यांनी सारवासारव केली नाही, हे नमूद करायला हवे. वेळेवर कूस बदलणे आणि पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवणे त्याच संध्याकाळी सुरू झाले आणि जखम पुढे चिघळली नाही. तरीही प्रश्न उरतोच, की ज्यांना भेटायला रोज कोणी येत नाही, त्यांच्या पाठीकडे कोण पाहत असेल?

•

आमचा अनुभव चांगला आहे. पक्षाघातानंतर वडिलांना गिळता येत नव्हते, पाण्याच्या घोटानेही ठसका लागे आणि अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याची भीती होती. त्यांना भरवणाऱ्या मावशी आधी पलंगाची पाठ सरळ करत, पातळ पदार्थ दाट करून छोट्या चमच्याने देत आणि गळ्याची घाटी वर सरकून खाली आलेली दिसल्याशिवाय दुसरा चमचा पुढे करत नसत. शेवटी लुळ्या बाजूच्या गालात घास साठलेला नाही ना, हेही पाहत आणि अर्धा तास आडवे होऊ देत नसत. फिजिओथेरपिस्टने ‘लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो’ असे एकदा बजावले होते. ते या मावशींनी पाळले, नातेवाइकांनी मात्र नाही.

•

मी अशा केंद्रात परिचारिका होते. नातेवाईक यंत्रांविषयी विचारतात. रात्रपाळीत एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात, हे क्वचितच कोणी विचारते. खरी गफलत ड्युटी बदलताना होते. घाईघाईत ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगून पाळी सोपवली, की दुपारपासून लघवी कमी झाली आहे किंवा कॅथेटरची नळी दुमडली आहे, हे पुढच्या पाळीला कळतच नाही. दुसरी गफलत औषधांची. रक्त पातळ करणारी गोळी शस्त्रक्रियेसाठी थांबवलेली असते आणि ती पुन्हा कधी सुरू करायची, हे सुटीच्या कागदावर स्पष्ट नसते. म्हणून पहिल्याच दिवशी जुनी औषधे आणि नवा कागद डॉक्टरांसमोर शेजारीशेजारी ठेवून एकेक गोळी तपासून घ्यावी. आम्हाला त्याचा राग येत नाही. उलट सुटल्यासारखे वाटते.

•

सासूबाई रात्री गोंधळतात, उठून पडतील, म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधले होते. आमची परवानगी घेतली नव्हती. विचारले तेव्हा ‘सुरक्षिततेसाठी’ असे उत्तर मिळाले. बांधल्याने माणूस अधिकच बिथरतो आणि सुटण्याच्या झटापटीत इजा होते, हे प्रशिक्षित लोकांना सांगावे लागू नये. त्यांचा चष्मा आणि कानातले यंत्र ‘हरवू नये’ म्हणून खणात कुलूपबंद होते. धड दिसत नाही, ऐकू येत नाही, अशा अवस्थेत अनोळखी खोलीत कोणीही गोंधळेल. दोन्ही वस्तू परत मिळाल्या, पलंग खाली घेतला, रात्री मंद दिवा ठेवला आणि झोपण्यापूर्वी शौचालयाला नेण्याची वेळ ठरवून घेतली. त्यानंतर बांधण्याची वेळ आली नाही. लेखी तक्रारीला केंद्राने अद्याप उत्तर दिलेले नाही.